तपासणीनंतरची अडीच वर्षे

मे १९८२ मध्ये युनियन कार्बाइडचे तीन अमेरिकी तज्ज्ञ भोपाळच्या कारखान्यात आले. कारखाना त्यांच्याच कंपनीच्या भारतीय शाखेचा. आदल्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने तिथल्या एका कामगाराचा जीव घेतला होता. पथकाने यंत्रे पाहिली, कामाच्या पद्धती तपासल्या आणि अहवाल लिहिला. फॉस्जीन आणि मिथाइल आयसोसायनेट म्हणजे एमआयसी यांच्या विभागात उपकरण बिघडले, चालवताना चूक झाली किंवा देखभालीत कसूर राहिली, तर विषारी वायू सुटू शकतो, असे त्यात लिहिले होते. अनेक ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्यांची कायमची सोय नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मापकांची देखभाल ढिली आहे, ऑपरेटर टिकत नाहीत, हेही त्यात होते. आणि आणखी एक नोंद होती. फिल्टर साफ करताना पाइपलाइनमध्ये ब्लाइंड घातली जात नाही; व्हॉल्व्ह गळका असेल तर माणसांना गंभीर इजा होऊ शकते.

ब्लाइंड म्हणजे दोन फ्लँजच्या मध्ये सरकवायची धातूची भरीव चकती. बोल्ट सैल करायचे, चकती घालायची, बोल्ट पुन्हा आवळायचे. मग शेजारचा व्हॉल्व्ह कितीही गळका असो, धुण्याचे पाणी पलीकडे जात नाही. प्लँटमध्ये काम केलेल्या कोणत्याही फिटरला हे ठाऊक असते.

अडीच वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळमध्ये काही पाइप पाण्याने धुतले जात होते. कामगारांच्या सांगण्यानुसार ब्लाइंड घातलेली नव्हती, आणि पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून पुढे सरकत ई-६१० क्रमांकाच्या टाकीपर्यंत गेले. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडले, असा कंपनीचा दावा राहिला. पाणी टाकीत शिरले याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे दुमत नाही. त्या टाकीत सुमारे ४२ टन एमआयसी होते. पाण्याशी त्याची प्रक्रिया सुरू झाली, टाकी तापली, दाब वाढला आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. गॅसमुळे झालेले ३,७८७ मृत्यू मध्य प्रदेश सरकारने मान्य केले. पुढे वर्षानुवर्षे खंगून गेलेल्यांची मोजदाद आजही वादात आहे.

पाणी कसेही शिरले असो, त्यानंतर अनर्थ टाळण्यासाठी कारखान्यात एकामागोमाग एक अशा चार सोयी होत्या. एमआयसी शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती आणि तिच्यातला फ्रिऑन काढून घेतला होता. सुटलेला वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात निष्प्रभ करणारा स्क्रबर नुसता ‘स्टँडबाय’वर होता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप गंजल्यामुळे काढलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण त्यांचे पाणी वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते.

कामाच्या जागी सुरक्षेची आणि आरोग्याची तपासणी नियमित का हवी, याचे उत्तर मला या अडीच वर्षांत दिसते. भोपाळमध्ये तपासणी झालीच नव्हती, असे बरेच लोक समजतात. ती झाली होती, आणि करणारे जाणकार होते. पण मे १९८२ मध्ये त्यांनी पाहिलेला कारखाना आणि डिसेंबर १९८४ मधला कारखाना एक नव्हता. मधल्या काळात कीटकनाशकाचा खप घटला आणि तोटा वाढला. एमआयसी विभागात प्रत्येक पाळीला बारा ऑपरेटर असत, ते सहा झाले. रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षक काढून घेतला गेला. शीतकरण थांबले ते वीज आणि फ्रिऑनचा खर्च वाचवण्यासाठी. यातला प्रत्येक निर्णय कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी हिशेबाने घेतला गेला, आणि सगळे निर्णय एकत्र ठेवून ‘आता हा कारखाना सुरक्षित आहे का’ असे विचारायला कुणी आले नाही. मुख्य कंपनीची शेवटची तपासणी १९८२ चीच राहिली. त्रुटी दूर होत असल्याची प्रगतिपत्रके भोपाळहून अमेरिकेला जात होती. ती खरी आहेत का, हे व्हॉल्व्हपाशी उभे राहून पाहिले गेले नाही.

या अहवालाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तात्काळ दुरुस्ती करावी लागेल असा कोणताही आसन्न धोका आढळला नाही, असेही त्यात म्हटले होते. कंपनी नंतर त्या वाक्याचा आधार घेत राहिली. ऑडिटरने लिहिलेल्या एका मवाळ वाक्यामागे दहा गंभीर नोंदी कशा झाकल्या जातात, याचे याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट इथल्या कारखान्याविषयी एक अंतर्गत अहवाल तयार झाला होता. एमआयसीच्या टाकीत आवरता न येणारी प्रक्रिया सुरू होऊ शकते, असा इशारा त्यात होता. तो भोपाळपर्यंत पोहोचला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जी गोष्ट एकदा नीट बसवली, ती पुन्हा पुन्हा का तपासायची?

कारखान्यातली उत्पादनाची यंत्रे स्वतःची तक्रार स्वतः करतात. पंप बंद पडला की माल थांबतो आणि दहा मिनिटांत साहेब खाली येतात. सुरक्षेची साधने गप्प बसतात. रिलीफ व्हॉल्व्ह गंजून जाम झाला, गॅस डिटेक्टरचा सेन्सर मेला, आणीबाणीच्या दारापुढे खोक्यांची थप्पी लागली, तरी त्या दिवसाच्या उत्पादनात एका किलोचाही फरक पडत नाही. उलट डिटेक्टर मेला की खोटे अलार्म वाजायचे थांबतात आणि पाळीला जरा हायसेच वाटते. अशा साधनाचा बिघाड दोनच वेळा कळतो: कुणीतरी मुद्दाम जाऊन ते चालवून पाहिले तर, किंवा त्याची खरोखर गरज पडली तेव्हा.

विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून ७ मे २०२० रोजी पहाटे स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली आणि १२ जण दगावले. लॉकडाऊनमुळे कारखाना आठवडे बंद होता, पण टाक्या भरलेल्या होत्या. स्टायरीन थंड ठेवावे लागते आणि त्यात प्रक्रिया रोखणारे रसायन मिसळत राहावे लागते. चौकशी समितीला आढळले की तापमान मोजण्याची सोय टाकीच्या तळाशी होती. खालचा आकडा ठीक दिसत असताना वरचे थर तापत गेले. धोक्याचा भोंगा वाजवण्याची सोय छत्तीस ठिकाणी होती. त्या पहाटे तो वाजला नाही. मापक कुठे बसवला आहे आणि त्या जागेवरून काय दिसत नाही, हा प्रश्न रोज तोच आकडा वहीत लिहिणाऱ्या माणसाला सुचणे कठीण असते. तो बाहेरून आलेल्या, नव्या नजरेच्या माणसाला सुचतो. तपासणीत कारखान्याबाहेरची माणसे असावीत ती यासाठी.

अपघात झालेले नाहीत, म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज तर फारच घातक. ‘अपघातविरहित दिवस’ दाखवणारा फलक गेटवर लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. तो फलक घसरून पडणे, बोट चेमटणे, डोळ्यात कण जाणे असल्या घटना मोजतो. या घटना कमी होणे चांगलेच. पण टाकीचा दाब, पाइपची जाडी, इंटरलॉक कुणी ‘बायपास’ केला आहे का, यांबद्दल फलक काहीच सांगत नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला आणि ११ जण मेले. त्या दिवशी वरिष्ठ अधिकारी फलाटावर आलेले होते. कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न होता सात वर्षे गेली, त्याचे कौतुक हा त्यांच्या भेटीचा एक भाग होता.

तपासणी चांगली आणि वाईट यातला फरक समजून घ्यायचा असेल तर उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फाकडे पाहावे लागते. ६ जुलै १९८८ च्या रात्री या तेल-वायू फलाटावर १६७ माणसे मेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी फक्त एक झाकण बसवलेले होते. पाळी बदलली. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने पहिला पंप सुरू केला, कारण व्हॉल्व्ह काढल्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. वायू गळला आणि पेटला. अशा वेळी अशी माहिती हातोहात जावी म्हणूनच ‘वर्क परमिट’ची पद्धत असते. काम सुरू करण्यापूर्वी, पाळी बदलताना आणि काम संपल्यावर सही घ्यायची. पायपर अल्फावर ही पद्धत कागदोपत्री होती. प्रत्यक्षात परमिटे नियंत्रण कक्षातल्या टेबलावर ठेवून माणसे निघून जात. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत उघड झाले की कंपनीचे ऑडिट होत असे, तरी परमिटच्या पद्धतीतल्या या ढिलाईची नोंद वरपर्यंत गेली नव्हती. काही तक्रार आली नाही, तेव्हा सगळे नीट चालले असणार, असे व्यवस्थापन धरून चालले होते.

त्याच फलाटावरची दुसरी हकीकत मला अधिक अस्वस्थ करते. पाणबुडे पाण्यात असताना ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत, म्हणून आगीचे पंप ‘ऑटो’वरून काढून ‘मॅन्युअल’वर ठेवण्याची तिथे रीत होती. हेतू चांगला होता. १९८३ च्या एका ऑडिटने सुचवले होते की पाणबुडे पंपाच्या तोंडाजवळ काम करत असतील तेवढ्यापुरतेच पंप मॅन्युअलवर ठेवा, एरवी ऑटोवर राहू द्या. सूचना अमलात आली नाही. पाच वर्षांनी आग लागली तेव्हा पंप मॅन्युअलवर होते, आणि ते सुरू करायला धावलेल्यांना ज्वाळांतून तिथे पोहोचता आले नाही. त्या सूचनेला नवे यंत्र लागत नव्हते, पैसाही जवळजवळ लागत नव्हता. फलाटावरची रीत बदलायची होती, एवढेच.

म्हणून अहवालाच्या तक्त्यातले शेवटचे रकाने मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्रुटी कोणती, हे पहिल्या रकान्यात असते. जबाबदारी कुणाची, मुदत कधीची, ती पाळली गेली का आणि पाळल्याचे कुणी जाऊन पाहिले, हे शेवटच्या रकान्यांत. पुष्कळ कारखान्यांत तिथे ‘काम चालू आहे’ हा एकच शेरा वर्षामागून वर्षे दिसतो. पुढच्या ऑडिटरने सर्वांत आधी मागचा अहवाल मागवावा आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीच्या जागी स्वतः जावे. नव्या त्रुटी शोधण्याचे काम त्यानंतरचे.

उरलेले सगळे चिकाटीचे काम आहे. दिवसा, आगाऊ कळवून आलेल्या ऑडिटरला ताजा रंग, स्वच्छ रस्ते आणि नवी हेल्मेटे दिसतात. रात्रपाळीला, न सांगता आलेल्याला कारखाना दिसतो. फायली वाचाव्या लागतातच, पण त्या वाचून झाल्या की ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारावे: हा अलार्म वाजला तर तू काय करतोस? कंत्राटी कामगाराला विचारावे: तुला आत येताना काय सांगितले, आणि कुठल्या भाषेत? टाकीत उतरून साफसफाई करणारा, उंचावर वेल्डिंग करणारा, ड्रम हलवणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो, आणि बहुतेक अहवालांत त्याच्याशी झालेल्या बोलण्याचा उल्लेखही नसतो. भारतात अशा तपासणीसाठी आयएस १४४८९ हे मानक आहे. काय काय पाहायचे हे त्यात तपशीलवार दिले आहे. मानक पाळूनही तपासणी पोकळ होऊ शकते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचे आहे की नाही, हे कुठलेही मानक ठरवू शकत नाही.

पोकळ तपासणीचा पुरावा हवा असेल तर कराचीतला आहे. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पुढच्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. याच्या उलट उदाहरण बांगलादेशाचे आहे. २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसे गेल्यावर तिथे कपडे विकत घेणाऱ्या विदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. स्वतंत्र अभियंत्यांनी इमारती तपासल्या, अहवाल सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध झाले, आणि दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याची मागणी थांबू लागली. दोन्हीकडे तपासणीच होती. एका ठिकाणी तिचा निकाल फायलीत गेला, दुसरीकडे तो चारचौघांसमोर ठेवला गेला आणि त्याला परिणाम जोडलेला होता.

आरोग्याचा भाग या सगळ्यात मागे पडतो, कारण तिथे स्फोट नसतो. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे वर्षानुवर्षे घट्ट होत जातात आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. गोंगाटाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. दगडाच्या खाणीत, फाउंड्रीत, सँडब्लास्टिंगच्या शेडमध्ये हवेतली धूळ मोजणे, कानांची नियमित चाचणी घेणे, आणि एकाच विभागातल्या माणसांचे निकाल शेजारी ठेवून पाहणे, हा तपासणीचाच भाग आहे. एकेकट्याचा एक्स-रे ‘थोडा बदल’ दाखवतो. दहा जणांचे एक्स-रे एकत्र पाहिले की धुळीचे यंत्र कुठे आहे ते कळते. इतिहासातला योगायोग असा की अमेरिकेतल्या हॉक्स नेस्ट बोगद्याचे काम याच युनियन कार्बाइडच्या प्रकल्पाचे होते. १९३० च्या सुमारास तिथे कोरडे खोदकाम करताना शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. अमेरिकी संसदेच्या सुनावणीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला. नंतरच्या एका अभ्यासाने तो ७६४ वर नेला. मरणारे बहुतेक दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय स्थलांतरित मजूर होते. त्यांची धूळ मोजायला कुणी गेले नाही.

भोपाळनंतर भारतात कायदा बदलला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. घातक रसायनांविषयीचे नियम १९८९ मध्ये झाले, आणि १९९४ च्या दुरुस्तीने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायने बाळगणाऱ्या भोगवटादारावर दरवर्षी, कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून ऑडिट करून घेण्याचे बंधन घातले. तीस दिवसांत तो अहवाल आपल्या अभिप्रायासह शासनाला पाठवायचा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये सेफ्टी ऑडिटचे स्वतःचे नियम केले. अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आली.

तरीही डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन १२ जण गेले. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे मेली. दोन्ही वेळा आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाना आणि वस्ती यांच्यात अंतरच उरलेले नाही, तिथे गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाईही त्या ऑडिटच्या कक्षेत येते, असे मी मानतो. आणखी एक अडचण आहे. ऑडिटरची नेमणूक आणि त्याची फी, दोन्ही कारखान्याच्या हातात असतात. कडक अहवाल लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणे येईलच, याची खात्री नाही. लहान युनिटच्या मालकाला तर दोनदोन पाळ्यांचा पगार भागवताना ऑडिटचा खर्च जड जातो, हेही खरे आहे. एमआयडीसीतल्या वीसपंचवीस युनिटांनी मिळून वर्गणीतून एक स्वतंत्र पथक ठेवावे आणि त्यातल्या तज्ज्ञांची नेमणूक संचालनालयाने करावी, असे मला वाटते. खर्च वाटला जाईल आणि ऑडिटर एका मालकाच्या मर्जीवर राहणार नाही.

हा प्रश्न रसायनांपुरता नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आपल्या कार्यालयाचे, शाळेचे, दवाखान्याचे शेवटचे प्रमाणपत्र कुठल्या महिन्याचे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षीच्या ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले.

भोपाळ दुर्घटनेनंतरच्या १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आणली. तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे त्या दुरुस्तीने ठरवले. कामगाराला सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा आणि धोका दिसल्यास तो कळवण्याचा हक्कही तिथेच मिळाला. ऑडिटचा अहवाल आधी या समितीसमोर वाचला गेला पाहिजे, आणि तो मराठीत किंवा हिंदीत वाचला गेला पाहिजे. भोपाळमधल्या सुरक्षेच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि पुष्कळ कामगारांना त्या वाचता येत नव्हत्या. फिल्टर ब्लाइंड न घालताच साफ केले जातात, हे वाक्य १९८२ च्या अहवालात इंग्रजीत होते. पाइप धुणाऱ्यांपर्यंत ते त्यांच्या बोलीत पोहोचवून, प्रत्येक पाळीला चकती कुठे टांगलेली आहे हे दाखवायला एका फोरमनचा अर्धा तास लागला असता.